अडीच हजारांचा बेंजो बोलता करताना

स्वस्त बेंजोला आमच्याकडे ‘डबा’ म्हणतात, आणि दुकानातून आणल्या दिवशी तो वाजतोही तसाच. तार छेडली की आधी बटणाची खडखड ऐकू येते, मग पत्र्याचा टणटणाट, आणि सगळ्याच्या मागे कुठेतरी सूर. वरच्या बटणांवर गेलं की सूर चढतो, दोन तारा एकमेकींशी भांडायला लागतात. अशा बेंजोवर शिकायला बसलेलं पोर लवकरच कंटाळतं आणि घरचे म्हणतात, ‘हलका घेतला, त्याचं हे.’ मला हे पटत नाही. हलक्या बेंजोतही सूर असतो. तार जिथे जिथे कशाला तरी टेकते, त्या जागांवर तो अडलेला असतो. कारखान्यात त्या जागांवरून हात फिरवायला कुणाला वेळ नसतो, म्हणून तर वाद्य स्वस्त पडतं. तो हात आपल्याला घरी फिरवता येतो. गेल्या पावसाळ्यात एका अडीच हजारांच्या बेंजोवर हे काम केलं. ते सविस्तर लिहितोय, कारण ही विद्या जवळजवळ सगळी तोंडी आहे आणि ज्यांच्याकडे आहे ती माणसं आता थकत चालली आहेत.

मी बोलतोय तो आपल्या बेंजो पार्टीतला, म्हणजे लग्ना-मिरवणुकांत वाजवणाऱ्या पथकातला, बटणांचा बेंजो. दुकानात त्याला बुलबुल तरंगही म्हणतात. कातडं मढवलेला, पट्ट्याने गळ्यात अडकवायचा अमेरिकन बँजो निराळा. आपल्या बेंजोचं मूळ जपानात आहे. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं. तारा कोतो या जुन्या जपानी वाद्यासारख्या आणि बटणांची कल्पना टाइपरायटरवरून घेतलेली. त्याच वर्षी जपानात ताइशो सम्राटाचा काळ सुरू झाला, त्याचं नाव वाद्याला मिळालं. तिथून ते हिंदुस्थानात आलं. बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणतात, आणि मकरान किनाऱ्यावरचे नूर बख्श इलेक्ट्रिक बेंजूवर जे वाजवतात ते ऐकलं की या वाद्याला कमी लेखायची हिंमत होत नाही. आपल्याकडे ते लालबाग-परळच्या गणपतीत, कोळीवाड्यातल्या हळदीत, आगरी लग्नांत, कोकणातल्या वाड्यावाड्यांत पोचलं. हे पहिल्यापासून साध्या घरातलं वाद्य. त्याची किंमत कमी आहे हा त्याचा दोष नाही, तो त्याचा स्वभाव आहे.

संगमेश्वर तालुक्यात आमचं गाव. पुतण्याला वाडीच्या पार्टीत बेंजोवर बसायचं होतं. ‘काका, गणपतीला येताना बेंजो आणा ना,’ एवढाच त्याचा फोन. मी घेतला तो सगळ्यात साधा: प्लायवूडची पेटी, पत्र्याची चौकट, दोन तारा सुरावटीच्या आणि बाजूला साथीच्या चार. माझं शिक्षण आयटीआयचं, इलेक्ट्रॉनिक्सचं, त्यामुळे हत्यारांची सवय आहे. कान मात्र मास्तरांचा. मास्तर परळला चाळीत राहतात. १९८२च्या गिरणी संपाच्या आधीपासून ते पार्टीत बेंजो वाजवत आले आहेत.

मास्तरांनी बेंजो हातात घेतला तो वाजवला नाही. कानाशी धरून हलवला. मग उलटा करून पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश. एका ठिकाणी टकटकीचा आवाज बदलला. तिथे नख घातलं तर प्लाय सुटलेला होता.

‘ऐकलंस? हा तारेचा आवाज नाही. हा खिळ्यांचा, पत्र्यांचा. आधी याला गप्प कर, मग सुराचं बघू.’

इथेच बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. नवी तार, भारी पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारा भाग), मोठा भोंगा. पेटीतला एखादा सैल स्क्रू ठरावीक सुराला थरथरतो, आणि तो सूर आला की प्रत्येक वेळी झण्ण करतो. वाजवणाऱ्याला वाटतं तार खराब आहे. म्हणून पहिली संध्याकाळ मी एकही तार न बदलता फक्त आवाज शोधण्यात घालवली. एका हाताने खालून वरपर्यंत एकेक बटण दाबून छेडायचं, दुसऱ्या हाताचं बोट पेटीवरच्या एकेका वस्तूवर टेकवत जायचं. बोट टेकल्यावर झणझण थांबली की चोर सापडला. दुकानाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला निघाला, चौकटीचे दोन स्क्रू निघाले, आणि एका स्प्रिंगचं लोंबणारं टोक शेजारच्या बटणाला घासत होतं. बिल्ला काढूनच टाकला. स्क्रूंची भोकं मोठी झाली होती. त्यांत फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या आगकाड्या ठोकून, सुकल्यावर स्क्रू परत पिळले. सुटलेल्या प्लायमध्ये पातळ पत्त्याने फेव्हिकॉल सरकवला आणि वर पाटा ठेवून रात्रभर दाबून ठेवलं. दुसऱ्या दिवशी टकटकीचा आवाज सगळीकडे सारखा येत होता. एवढ्यावरच बेंजो निम्मा सुधारला, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

मग बटणं. चौकटीचे स्क्रू काढले की सगळी बटणं एकदम मोकळी होतात, म्हणून आधी फोटो काढून ठेवावा आणि प्रत्येक बटणाच्या पट्टीला मागच्या बाजूला पेन्सिलीने नंबर घालावा. प्रत्येकीची लांबी वेगळी असते आणि ती दुसरीच्या जागी बसत नाही. बटण दाबलं की पट्टीचं टोक तारेला खाली पडद्यावर, म्हणजे तारेखालच्या आडव्या धातूच्या पट्टीवर दाबतं, आणि तार पडद्यापासून घोडीपर्यंत, म्हणजे पेटीवर तार ज्यावर टेकते त्या आडव्या टेकूपर्यंत वाजते. सगळा खेळ त्या टोकाचा. स्वस्त बेंजोत ही टोकं पत्रा कापल्यानंतर तशीच सोडलेली असतात: कड करवती, काही तिरकी. तिरकं टोक एका तारेवर पुरतं बसतं आणि दुसरीवर अर्धवट. अर्धवट दाबलेली तार पडद्यावर नीट न टेकता नुसती घासते, आणि तोच तो पत्र्याचा टणटणाट.

टोकं सरळ करायला मी बारीक कानस वापरली, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी १००० नंबरचा. कड बोटाला लागली नाही पाहिजे. तपासायची युक्ती मास्तरांची: खोलीतला दिवा घालवायचा, मागून टॉर्चचा उजेड टाकायचा आणि बटण हळूहळू दाबत आणायचं. टोक आणि तार यांच्यातली फट दोन्ही तारांवर एकाच क्षणी मिटली पाहिजे. एकीवर आधी मिटली तर टोक अजून तिरकं आहे. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाई केली की वाया जातं. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि पुढे जो आवाज मिळाला त्यातला मोठा वाटाही याचाच आहे.

पडद्यांकडे लोक बघतच नाहीत. यातल्या दोन पडद्यांवर पॉलिशचा थर चढलेला होता, धातू दिसतच नव्हता. तो खरवडून काढला. उंची तपासायला स्टीलची छोटी फूटपट्टी एका वेळी तीन पडद्यांवर उभी ठेवली. पट्टी डुलली तर मधला पडदा उंच. उंच पडदा आपल्या अलीकडच्या सुरात नाक खुपसतो: बटण खालचं दाबलेलं असतं आणि थरथरणारी तार पुढच्या पडद्याला लागत राहते. असा एकच निघाला, तो कानसने दोनचार हलके हात मारून उतरवला. पडदा कमी करता येतो, वाढवता येत नाही, म्हणून प्रत्येक हातानंतर पट्टी ठेवून बघायचं.

खडखडीवर इलाज बनातीचा, म्हणजे जाडसर लोकरी कापडाचा. पेटी दुरुस्त करणाऱ्यांकडे, म्हणजे हार्मोनियमवाल्यांकडे, बनातीच्या कातरणी पडलेल्या असतात, मागितल्या तर देतात. बटण जिथे खाली आपटतं आणि सुटल्यावर वर जिथे थडकतं, तिथे पातळ पट्ट्या चिकटवल्या. इथे जाडी जपायची. खालची बनात जाड झाली तर बटण पुरतं खाली जात नाही आणि तार पडद्याला टेकायच्या आधीच अडतं. मी एका बटणाला लावून, वाजवून, मग बाकीच्यांना त्याच जाडीची लावली. ढिल्या पडलेल्या स्प्रिंगा चिमट्याने किंचित ताणल्या. सगळ्या बटणांचा दाब बोटाला सारखा लागला पाहिजे, नाहीतर जलद गाण्यात बोट अडखळतं.

आता तारा. बेंजोबरोबर येते ती तार बहुधा नुसती बारीक तारेची गुंडाळी असते, जाडी मध्येच बदलते, त्यामुळे खालच्या बटणांवर जुळवलेली वर जाऊन फाटते. मी गिटारच्या तारा लावल्या: सुरावटीच्या दोन्ही ०.०१० इंचाच्या, ज्यांना गिटारवाले दहा गेज म्हणतात. गिटारच्या तारेच्या टोकाला पितळी मणी असतो. तो पकडीने फोडून काढला की मागे तयार फास राहतो, तोच बेंजोच्या खिळ्यात अडकवायचा. मोकळी तार मी पांढरी पाचला, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला जुळवली. तिथे या तारेला ताण बरोबर बसतो, सैल लोंबत नाही आणि तुटायच्या बेतालाही येत नाही.

दुसरी तार जाड, खालच्या सप्तकातली लावावी असं माझ्या मनात होतं. मास्तरांनी हात आडवा केला. ‘आवाज भारदस्त होईल, बरोबर आहे. पण टोक आधी जाड तारेवर बसणार आणि बारीक अधांतरी राहणार. महाग बेंजोत तारांची उंची त्या हिशोबाने केलेली असते. इथे दोन्ही सारख्याच ठेव आणि दोघींना एका सुरात आण. दोन तारा खऱ्या एका सुरात आल्या ना, की एक तार ऐकू येते आणि ती मोठी असते.’

हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. दोन तारांत थोडा फरक असेल तर आवाजात लाटा येतात, वाँव-वाँव असं काहीतरी. सुरात आणताना या लाटा संथ होत होत थांबतात. फोनवरचं ट्यूनर ॲप जवळ नेऊन सोडतं, शेवटचा केसभर फरक कानानेच जातो. एका तारेवर बोट ठेवून दुसरी, मग दुसरीवर ठेवून पहिली, मग दोन्ही एकत्र. मास्तर खुंटी नेहमी खालून वर आणतात. सूर चढला तर तार पार उतरवून परत वर चढवतात, कारण वरून खाली आणलेली तार खुंटीत थोडी सैल राहते आणि गाण्याच्या मध्येच उतरते.

घोडीचं काम मला सगळ्यात आवडलं. या बेंजोची घोडी म्हणजे हलक्या लाकडाच्या ठोकळ्यावर आडवी ठेवलेली एक लोखंडी सळी. तार गोल सळीवर टेकते तिथे ती सळीच्या अंगावर थोडी पसरते आणि झणझणते. तंबोऱ्यात हेच जाणूनबुजून करतात, घोडीचा माथा घासून जवारी काढतात, आणि मिरजेचे कारागीर त्यात आयुष्य घालवतात. बेंजोला मात्र तुटक, मोकळा, ठळक सूर हवा, कारण त्याला ढोल-ताशा, ड्रम आणि माणसांचा गलका यांच्यातून वाट काढायची असते. म्हणून माथा अरुंद आणि तारेची टेकण्याची जागा एकच हवी. माझ्याकडे मिरजेहून आणलेला शिसवीचा तुकडा होता. त्याची घोडी केली, तळ पेटीला बरोबर बसेपर्यंत घासला. पेटीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून ठेवून त्यावरच घोडी पुढेमागे घासली की तळ आपोआप पेटीच्या अंगाचा होतो. माथ्यावर तारेपुरत्या उथळ खाचा केल्या आणि त्यांत पेन्सिलीचं शिसं चोळलं, म्हणजे जुळवताना तार कुरकुर न करता सरकते.

मग घोडीची जागा. स्वस्त बेंजोत घोडी डोळ्याच्या अंदाजाने ठेवलेली असते. मोकळ्या तारेचा सा आणि बाराव्या पडद्यावरचा तार सा हे बरोबर एका सप्तकाच्या अंतरावर यायला हवेत. इथे तार सा सुमारे २५ सेंट चढा होता. सेंट म्हणजे शेजारच्या दोन बटणांच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग, आणि २५ सेंट कुणाच्याही कानाला खुपतात. कारण सोपं आहे: बटण दाबताना तार खाली ओढली जाते, ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. त्याची भरपाई म्हणून घोडी पडद्यांपासून थोडी लांब सरकवायची. मी एकेक मिलिमीटर सरकवत, दर वेळी मोकळी तार पुन्हा जुळवून तार सा तपासत गेलो. सुमारे पाच मिलिमीटर मागे गेल्यावर फरक पाचसहा सेंटवर आला. तिथे घोडीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या रेघा मारल्या. घोडी चिकटवायची नाही, ती तारांच्या दाबाने बसते, पण प्रवासात सरकली तर रेघांवरून परत जागेवर आणता येते. ‘वरच्या बटणांवर बेसुर होतो’ ही स्वस्त बेंजोबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार, आणि तिचा बहुतेक भाग या रेघांमध्येच मिटतो.

साथीच्या चार तारांपैकी मी दोनच ठेवल्या, एक सा आणि एक प. चारही तारा मोकळ्या घुमत असल्या की एकट्याने बसून वाजवताना छान वाटतं. पण बेंजो पार्टीत एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना पट्टी बदलते, आणि साथीच्या तारा मात्र जुन्याच पट्टीत गुंजत राहतात. पुतण्याला सांगून ठेवलंय, सराव करताना या दोन ठेव, मिरवणुकीत त्यांच्याखाली फोमचा तुकडा सरकवून त्यांना झोपव. घोडीच्या पलीकडे, खिळ्यांपर्यंतचा जो तारांचा भाग उरतो, तोही आपला एक बारीक सूर लावत असतो. त्यात बनातीची पट्टी विणली की सूर एकदम स्वच्छ होतो.

एक गोष्ट फुकटात मिळते आणि फार कुणी करत नाही. बेंजोला खाली रबरी पाय असतात. रबर थरथर पिऊन टाकतं. मास्तरांनी ते पाय काढायला लावले, त्यांच्या जागी लाकडाच्या छोट्या गुट्ट्या लावल्या आणि बेंजो जेवायच्या सागवानी पाटावर ठेवला. पेटी लहान असल्यामुळे खालचे सूर तिला पेलत नाहीत. तेच कंप गुट्ट्यांतून पाटात उतरले की पाटाचं मोठं फळकूट हवा हलवतं आणि आवाजाला बूड येतं. मांडीवर घेऊन आणि पाटावर ठेवून एकच ओळ लागोपाठ वाजवून बघा, हा फरक ऐकायला शिकलेला कान लागत नाही.

घरापुरता बेंजो इथे तयार झाला. पार्टीसाठी पिकअप हवा. चुंबकाचा पिकअप चांगला, पण तो तारांखाली बसवायला या पेटीत जागा नव्हती, म्हणून पायझोची चकती वापरली, जी पेटीचा कंप थेट विजेत बदलते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ती दहावीस रुपयांत मिळते. पायझोची बदनामी फार आहे: आवाज पातळ, किरटा, टोचणारा. त्यात चकतीचा दोष कमी आणि जोडणीचा जास्त. चकती विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर असते, समजा २० नॅनोफॅरडचा. ती सरळ मिक्सरच्या १० किलो-ओहमच्या लाइन इनपुटला जोडली की त्या दोघांचा मिळून एक फिल्टर तयार होतो आणि सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं तो उतरवत नेतो. पांढरी पाचचा सा ३९२ हर्ट्झचा. म्हणजे सुराचा मूळ भागच वाटेत गळतो आणि वरची किणकिण तेवढी भोंग्यातून बाहेर पडते. इलाज म्हणजे चकतीच्या आणि मिक्सरच्या मध्ये १ मेगा-ओहम इनपुटचा छोटा प्रीअँप, म्हणजे मिक्सरच्या आधीचा बारका अँप्लिफायर. मी टीएल०७२ या साध्या आयसीवर केला, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, सगळा मिळून शंभर-दीडशे रुपयांत. त्याच हिशोबाने फिल्टरची रेघ आठ हर्ट्झवर जाते, म्हणजे आपल्या कामापुरती नाहीशीच होते. तीच चकती, तोच बेंजो, आणि आवाज भरलेला.

चकती कुठे लावायची हे चिकटपट्टीने तात्पुरती लावून, जागा बदलत ठरवलं. बटणांच्या चौकटीजवळ लावली की खटखट मोठी होते. पेटीच्या मधोमध लावली की घुमते आणि भोंग्यासमोर शिट्टी मारते. घोडीच्या एका पायाच्या थेट खाली, पेटीच्या आतल्या बाजूने, तारांचा आवाज सगळ्यात जास्त आणि खटखट सगळ्यात कमी मिळाली. तिथे ती पक्की चिकटवली आणि वर मेणाचा थर दिला. चौकट पत्र्याची असल्याने ती ग्राउंडला जोडली, वायर जाळीवाली घेतली, गुणगुण गेली. मिक्सरवर फक्त एक सांगेन: तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास थोडं कापा. भोंगे तिथे आधीच किंचाळतात, त्यात बेंजोची भर घालायची गरज नसते.

नखीचा, म्हणजे तार छेडायच्या पिकचा मुद्दा थोडक्यात. फार पातळ पिकने तार नुसती फटकारली जाते, मधल्या जाडीचं घ्यावं. घोडीला चिकटून छेडलं की आवाज धारदार, जरा आत सरकलं की गोल. मास्तर एकाच गाण्यात दोन्ही वापरतात: धृपद घोडीजवळ, कडवं आत. आणि डाव्या हाताचं बटण पुढचा सूर लागेपर्यंत सोडत नाहीत. नवशिके बोट लगेच उचलतात, मग दोन सुरांच्या मध्ये खड्डा पडतो आणि दोष बेंजोला लागतो.

गणपतीच्या आधी चार दिवस बेंजो गावाला नेला. पुतण्याने आल्या आल्या वाजवला आणि पहिल्यांदा विचारलं, ‘काका, हा तोच ना, तुम्ही फोटो पाठवलेला?’ वाडीच्या पार्टीत आधीपासून एक बेंजो आहे, याच्या चौपट किमतीचा. संध्याकाळी शाळेच्या पडवीत दोन्ही शेजारी ठेवले. खालच्या आणि मधल्या बटणांवर आमचा मोकळा वाजत होता, आणि सूर जुळण्यात तर सरस होता. भरदारपणात महागडा पुढे होता, त्याची पेटी मोठी आणि लाकूड जाड, ते आपण घासून मिळवू शकत नाही. पण तो वाजवणारा पोरगा आमच्या बेंजोच्या बटणांवर पुन्हा पुन्हा बोटं फिरवत होता. ‘यांचा आवाजच येत नाही हो,’ म्हणाला. बनातीच्या पट्ट्या त्याला उघडून दाखवल्या.

विसर्जनानंतर त्याचा बेंजो माझ्याबरोबर मुंबईला आला. त्याची घोडी चांगली आहे, पण टोकं तशीच करवती आहेत, आणि खालच्या दोन बटणांच्या स्प्रिंगा मेल्या आहेत. किनाऱ्याकडच्या दमट हवेत तारांना गंज धरतो, तोही दिसतोय. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा पुसायच्या, खोबरेल लावायचं नाही, हे दोघांनाही सांगितलंय. तेलावर धूळ बसते आणि तार आणखी बोथट होते.

आमच्या बेंजोत एक काम राहिलंय. सगळ्यात वरची तीन-चार बटणं अजून नीट गात नाहीत. तिथे वाजणारी तार इतकी आखूड होते की टोकाची जाडीसुद्धा तिला भारी पडते, सूर लागतो आणि लगेच विझतो. मास्तरांचं म्हणणं, तेवढ्या बटणांची टोकं निम्म्याने बारीक कर आणि त्यांच्याखालच्या पडद्यांवर पॉलिश पेपरचा आणखी एक हात फिरव. पुढच्या खेपेला पुतण्या बेंजो घेऊन आला की तेच करणार आहे.